काशम्माच्या अंगातला जाळ

सोलापुरात बाळीवेशीतल्या ईरप्पाच्या घरी ज्वारीच्या कडक भाकऱ्या होत आणि त्याच्या दुकानात विकल्या जात. पाटीवर नाव ईरप्पाचं, गल्ल्यावर बैठक ईरप्पाची, गिऱ्हाइकाची वाहवाही ईरप्पालाच. चुलीपुढे मात्र त्याची बायको काशम्मा. दुधनीहून लग्न होऊन आली तेव्हापासून ती चूल तिच्या गळ्यात पडली होती, आणि खरं सांगायचं तर तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. कडक भाकरीला हात हलका लागतो आणि दम लागतो. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग विस्तवाच्या कडेला उभी करून हळूहळू कडक होऊ द्यायची. घाई केली की ती वाकते. काशम्माची भाकरी कधी वाकली नाही.

दुष्काळ सरून साल उलटलं आणि तिची पाळी हुकायला लागली. मग अंगात भडके उठू लागले. छातीतून वाफ निघे, मानेवरून कानांपर्यंत चढे, चोळी घामानं चिंब होई आणि जरा वेळानं तीच बाई कुडकुडू लागे. झोप उडाली. डोकं ठिकाणावर राहीना. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ती स्वतःवरच खेकसे आणि मोरीत जाऊन रडून घेई. त्यात सोलापूरचा फाल्गुन, आणि समोर दिवसभर चूल.

शेवटी ती कुणाला न विचारता सिव्हिलमध्ये गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. एवढं नीट तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"हा आजार नाही, वय आहे," बाई म्हणाल्या. "काही जणी यावर हार्मोनच्या गोळ्या घेतात. पण शेवटच्या बाळंतपणात तुमच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती म्हणता, तेव्हा तुम्हाला त्या नकोतच. विस्तवापासून लांब राहा. सैल सुती नेसा. तिखट आणि चहा कमी करा, रात्री लवकर आणि हलकं जेवा. सकाळी पायी फिरायला जा, रात्री मोकळ्या हवेत झोपा. भडका आला की मानेवर ओलं फडकं ठेवून सावकाश श्वास घ्या. एका दिवसात गुण येणार नाही, पण उतार पडेल. आणि पाळी पुरती गेल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं तर मात्र लगेच या."

काशम्मा हलक्या पावलांनी घरी आली आणि जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. तिचं चुकलं ते इथं. समोर नवरा बसला होता, आणि नवऱ्याशेजारी त्याची थोरली बहीण दाक्षायणी. ही दाक्षायणी विधवा होऊन माहेरी आली ती घराच्या किल्ल्या कमरेला लावूनच बसली. भावाला तिच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

"चुलीपाशी बसू नगं म्हन!" दाक्षायणी म्हणाली. "मंग काय पलंगावर बसून इडा खायाचा? आनि भाकरी कोन, ती डाक्टरीन यिऊन थापनार व्हय?"

ईरप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. काशम्मानं उठून त्याला पाणी दिलं. तोंडावर ओतावंसं वाटत होतं, पण हातात दिलं.

तरी एक गोष्ट तिनं सोडली नाही. दिवस कलला, चूल विझली की ती गच्चीवर जाई. तिथं वारं असे. पदर खाली टाकून, मानेवर ओलं फडकं ठेवून ती घटकाभर बसे, तेवढाच तिच्या जिवाला विसावा. समोरच्या खोलीत मिलमधला कल्लप्पा राही. तो बापडा कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून घोरत पडे. त्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही आणि काशम्माला तो तिथं आहे याचीही कधी आठवण झाली नाही.

आठवण ठेवली दाक्षायणीनं. नळावर बायका जमल्या होत्या तेव्हा ती घागर लावता लावता म्हणाली, "आमची काशी रोज गच्चीवर पदर टाकून बसती. भडका हाय म्हन अंगात. समोर कल्लप्पा ऱ्हातोय की! ह्या वयात कसला भडका, तुमीच समजा."

बायकांनी समजायचं ते समजून घेतलं. दिवस मावळायच्या आत ते अख्ख्या गल्लीनं समजून घेतलं. ईरप्पानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. त्यानं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली बहिणीच्या हातात दिली. काशम्मानं मनात गाठ मारली. आपल्याला या बाईचं वाईट झालेलं पाहायचं आहे, आणि ते डोळे भरून पाहायचं आहे, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. त्याची तिला लाजही वाटली नाही.

चैत्री पौर्णिमेला त्या घरात यल्लम्मा देवीची परडी नैवेद्यानं भरत. वर्षातून तेवढ्याच दिवशी शिवबाई जोगतीण चौडकं वाजवत येई आणि गल्लीतल्या बाया माजघरात दाटीवाटीनं बसत. त्या दिवशीही बसल्या होत्या. कापूर जळत होता, ऊद जळत होता, समया जळत होत्या, खिडकीला पडदा होता. शिवबाईचं चौडकं रंगात आलं आणि काशम्माच्या छातीतून वाफ उठली. आजवरच्या सगळ्या भडक्यांची ती थोरली बहीण होती. तोंड लालबुंद झालं, अंग थरथरायला लागलं, पदर भिरकावून ती उभी राहिली आणि ओरडली, "नीर! नीर कोड्री!"

ईरप्पाच्या घरातली कानडी त्याच्या आजोबांबरोबर गेली होती. काशम्माचं माहेर मात्र कानडी. जीव कासावीस झाला तेव्हा तिच्या तोंडून माहेरची बोली आली, तिला नुसतं पाणी हवं होतं. पण सौंदत्तीची यल्लम्माआई अंगात आली तर ती कानडीतच बोलणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"आई आली!" कुणीतरी किंचाळलं. "उदं ग आई!"

बायांनी तिच्या कपाळावर मळवट भरला, गळ्यात लिंबाचे डहाळे घातले आणि गार पाण्याच्या घागरी डोक्यावर रिकाम्या केल्या. काशम्मा निवली. इतक्या दिवसांत इतकं बरं तिला वाटलं नव्हतं. शहाणी बाई असती तर तिथंच डोळे मिटून आडवी झाली असती. पण तिनं खाली पाहिलं. तिच्या पायांवर दाक्षायणीचा अंबाडा होता. दारात ईरप्पा हात जोडून उभा होता.

"आई, काय चुकलं लेकरांचं?" शिवबाईनं विचारलं.

पुढचं बोलली ती काशम्मा. कुणी आईबिई नव्हती. पण आई असती तरी याहून वेगळं काय बोलली असती?

"हे माझं झाड हाय!" स्वतःच्या छातीवर हात मारत ती गरजली, सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. "ह्या झाडाला चुलीची धग लावाल तर घर जाळीन! सकाळच्या पारी झाडानं तळ्याला पायी जायाचं. झाडाला चा न्हाय, तिखट न्हाय. दिवस बुडायच्या आत ताकभात. निजायचं गच्चीवर, आनि रोज गच्चीवर पानी मारायचं ते मालकानं, सोताच्या हातानं!"

"व्हय आई," ईरप्पा म्हणाला.

"आनि चुलीम्होरं बसंल ती, जिनं झाडाला वंगाळ बोललं. मी यिऊन उठ म्हनंस्तवर तिनं उठायचं न्हाय!"

बायांनी एकदम दाक्षायणीकडे पाहिलं. नळावरचं सगळ्यांनाच आठवत होतं. दाक्षायणीनं जमिनीवर नाक घासलं.

डॉक्टरीणबाईंचं ज्यांनी हसण्यावारी नेलं होतं, त्यांनी आईचं अक्षरन् अक्षर पाळलं. गच्चीचं कुलूप निघालं. ईरप्पा धोतर खोचून बादल्या वर नेऊ लागला, आणि त्याला धाप लागली की काशम्मा आणखी एक बादली मागे. ती सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जाई. झोप परतू लागली. वैशाखात भडके येतच होते, पावसाळ्यात विरळ झाले, संक्रांतीनंतर कधीमधी एखादा चुकार येई आणि ओल्या फडक्यानं निघून जाई.

आणि चुलीपुढे दाक्षायणी! तिच्या भाकऱ्या वाकत, करपत, गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. भुवया होरपळल्या, हातांवर चट्टे उठले. काशम्मा दारातून ताकाचा पेला घेऊन ते पाहत बसे. तिला गोड लागे ते, ताकाहून गोड.

दुसरा फाल्गुन आला तेव्हा दाक्षायणी एका दुपारी चुलीवरून उठली आणि येऊन काशम्मासमोर बसली.

"काशी, मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "आई न्हवती ती. भडका व्हता. मलाबी झालं व्हतं की. तुझ्याच वयात. रात रात जागून काढली मी. कुनाला सांगितलं न्हाय, तोंड दाबून बसले. आता ह्यो उन्हाळा न्हाय निभायचा माझ्यानं. येत्या चैताच्या पुनवंला मला उठव."

काशम्मानं हातातला ताकाचा पेला खाली ठेवला. दाक्षायणीला वाटलं, भावजयीला पाझर फुटला. काशम्माच्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत होती. इतके दिवस ती या बाईला अडाणी समजत होती, आणि अडाणीपणाला कधीतरी माफी असते.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं, अक्का," ती म्हणाली. "ठावं असून तुमी नळावर बोललात."

दाक्षायणी हातावरचे चट्टे चोळू लागली.

"समद्या बायांम्होरं सांगा, खोटं बोलले म्हनून. मंग बघू आईची मर्जी."

दाक्षायणी आठवडाभर धुमसली. पण ऊन चढत गेलं आणि तिचा ताठा उतरत गेला.

चैत्री पौर्णिमेला माजघर पुन्हा भरलं. पुन्हा कापूर, पुन्हा ऊद, पुन्हा तोच पडदा. चौडकं सुरू व्हायच्या आधी दाक्षायणी उभी राहिली. "मी काशीबद्दल नळावर बोलले ते खोटं व्हतं," ती म्हणाली. "ती गच्चीवर वाऱ्याला जात व्हती. मला म्हाईत व्हतं. माझी जीभ झडो." एवढं बोलून ती काशम्माच्या पायांपाशी पालथी पडली. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौडकं घुमू लागलं, आणि सगळ्या काशम्माच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

काशम्मा वाट पाहत बसली. छातीत काही नाही. मानेवर काही नाही. वर्षभर तळ्याला चालून, वाऱ्यात निजून, ताकभात खाऊन तिचा जाळ शांत झाला होता. माजघरात बाकीच्या बाया घामानं निथळत होत्या आणि ती कोरडी होती. सोंग करता आलं असतं. दोन गिरक्या, एक आरोळी, की अक्का सुटली असती. पायाशी दाक्षायणी हळूच म्हणाली, "काशी, उठव की ग." तिची दया येते का ते काशम्मानं मनात चाचपून पाहिलं. येत नव्हती.

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"आज न्हाय आली आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "अंग गार हाय माझं. पायजे तर हात लावून बघा."

शिवबाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि मान हलवून चौडकं खाली ठेवलं.

"पुढल्या चैताला बघू, अक्का," काशम्मा म्हणाली, आणि ताटं वाढायला उठली.