काळा धूर

"रेस दे! आखो दे! पायमा जीव शे का नही तुन्हा?" मी बोनेटखाली डोकं घालून ओरडलो.

उखानं ॲक्सिलरेटर दाबला. कुंदनशेठच्या फियाटनं आधी मान टाकली, बंद पडतेय की काय असं वाटलं, मग गचका देऊन उचलली आणि मागून काळाकुट्ट धूर सोडला. माझ्या गॅरेजसमोर चहा पीत उभी असलेली माणसं शिव्या देत बाजूला झाली.

आमच्या शहरात प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. उखा माझा चुलतभाऊ. पांडेसऱ्यात कुंदनशेठच्या लूमखात्यात, कापडाच्या कारखान्यात, आधी तो माग चालवायचा, मग शेठनं त्याला गाडीवर घेतलं. काही दिवसांनी गाडी पेट्रोल ढोसायला लागली. आता शेठनं काय करावं? गाडी मिस्तरीला दाखवावी? छे! सगळे कारागीर गोळा केले आणि त्यांच्यासमोर सांगितलं की उखा पेट्रोल चोरून विकतो.

झालं. नळावरच्या बाया उखाच्या बायकोला, सुभद्राला, बघून आपापल्या बादल्या जवळ ओढायला लागल्या. आमच्या गल्लीत पोटापाण्यासाठी आलेलं आमचं अर्धं गाव राहतं, इथला शब्द गावी पोचायला वेळ लागत नाही. त्यांच्या योगिताचं लग्न जमत आलं होतं. पाहुण्यांनी निरोप धाडला, चोराच्या घरची पोरगी आम्हाला नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उखाची का जात नाही, याचा मला वेगळा संताप होता.

म्हणून मी शेठला बोलावूनच घेतलं होतं. गाडी तुमच्या डोळ्यांसमोर उघडतो म्हटलं. नाकाला रुमाल लावून तो खुर्चीवर बसला होता.

"हिलालभाई, गाडीमध्ये काय नाय," आमच्या माणसांत राहून शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला. "जे हाय ते ह्याच्या हातामध्ये हाय."

"शेठ, तोंड सांभाळा. अजून मी प्लग काढतोय."

प्लग काढला. तव्याच्या बुडासारखा काळा, कोरडी काजळी. तो मी शेठच्या नाकासमोर धरला. "हे बघा. पेट्रोल इंजिनातच जातंय, पण पुरतं जळत नाही. डब्यात भरून विकलेल्या पेट्रोलचा धूर तुमच्या सायलेन्सरमधून निघतो होय?"

शेठचा रुमाल खाली आला.

पेट्रोल जास्त येतंय की हवा कमी पडतेय, एवढंच शोधायचं होतं. चोक अडकला असेल म्हणून पाहिला, तो पुरता उघडत होता. कार्बोरेटर खोलला. फ्लोटची सुई नीट बसत होती, जेटही ठीक होता. कार्बोरेटर परत बसवला आणि एअर फिल्टरचं झाकण काढलं. बघतो तर काय! फिल्टरभोवती खात्यातल्या कोऱ्या कापडाचे पदरावर पदर, सुतळीनं आवळून बांधलेले. त्यावर तेल आणि सुताची तुसं बसून नुसतं घोंगडं झालं होतं. नाकातोंडावर उशी दाबून एखाद्याला धाव म्हणावं, तशी त्या इंजिनाची गत झाली होती.

"हाई कोनी बांधं?" मी ओरडलो.

उखा गाडीतून उतरला. "मीच बांधं, भाऊ. गाडी खातानी भिंतजवळ उभी ऱ्हास. मागनी मोटरले बांधतस ना कापड, तसं. मझार तूस जावाले नको म्हनीसन."

"अरे गाढवा! मोटरले वारा पेवा लागत नही, इंजिनले लागस! अक्कल गहाण ठेवी का रे?"

बिचारा मान खाली घालून उभा. गाडीची काळजी घेतली आणि स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला! मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता मी ते कापड कापून फेकलं, नवा फिल्टर घातला आणि गाडी सुरू केली. दाबल्याबरोबर उचलली. अडखळणं नाही, धूर नाही.

शेठ उठला. "बघितला? चूक ह्याचीच निघाली. चल उखा, गाडी काढ."

माझं डोकंच फिरलं. गाडी बंद करून मी किल्ली खिशात घातली. "चूक निघाली शेठ, चोरी नाही! सगळ्यांसमोर चोर म्हणालात ना? आता सगळ्यांसमोर नाही म्हणा. तोवर किल्ली मिळणार नाही."

"अरे, बोलेल ने कधीतरी."

"कधीतरी नाही. आत्ता. मी येतो बरोबर."

खातं गल्लीच्या टोकालाच. शेठ पुढे, आम्ही दोघं मागे. आत सगळे माग धडधडत होते. शेठ दारात उभा राहिला आणि म्हणाला, "उखा चोर नाय." म्हणाला असावा. त्याच्या खांद्याशी उभ्या असलेल्या मलाही ओठ हललेलेच तेवढे दिसले. कारागिरांच्या नजरा धोट्यांवर. एकानंही मान वर केली नाही.

शेठनं माझ्याकडे वळून हात पसरला. किल्ली मागत होता! चोर म्हणताना या माणसानं विजेच्या सुट्टीचा, माग बंद असलेला दिवस निवडला होता, टाचणी पडली तरी ऐकू येईल असा. माझी मूठ वळली.

उखानं माझं मनगट धरलं. मग सोडलं, सरळ आत गेला आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

माग धापा टाकत एकेक थांबले. "काय व्हयनं? कोनी बंद कया?" करत कारागीर मागांमधून पुढे आले. स्विचच्या दांड्यावरचा हात उखानं काढला नव्हता. सगळे जमेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"शेठ," तो म्हणाला, "आते बोला."