न्यूनेनचं सार

एस: पाहा

न्यूनेन या डच गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्याच्या खांबावर एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, इथे शेजारी लक्ष ठेवतात. चोरांना इशारा म्हणून लावली आहे म्हणे. सात वर्षांत मी इथे एकही चोर पाहिला नाही. शेजारी मात्र रोज पाहते.

लक्ष ठेवायच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. पाहा. पोलिसांना कळवा. ग्रुपवर टाका. मग काहीतरी करा. या चार पायऱ्यांच्या डच शब्दांची पहिली अक्षरं एस, ए, ए, आर. जोडून वाचलं की 'सार'. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आशुतोषच्या, हे लक्षात आलं तो दिवस त्याच्या इथल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा असावा. उन्हाळ्यात गल्लीचं जेवण होतं, तेव्हा त्याने मला मोठं पातेलंभर टोमॅटोचं सार करायला लावलं आणि चाळीस घरांना वाडग्यांतून ते वाढत तोच विनोद चाळीस वेळा समजावून सांगितला. बावीस नंबरची रिआ म्हणाली, सूप छान झालंय, जरा पातळ आहे. पुढच्याच आठवड्यात आशुतोष वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा कोऑर्डिनेटर झाला. त्याला पिवळं जाकीट मिळालं. ते त्याने आपल्या भारतातल्या सुटांशेजारी टांगलं.

फेल्डहोवनच्या कंपनीत तो चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. तिथे तो नॅनोमीटरमध्ये विचार करतो आणि घरी त्याहून बारीक.

ग्रुपचे नियम त्याने डचमध्ये लिहिले. सातवा नियम: अंगठे पाठवू नयेत, खऱ्या धोक्याची सूचना त्यांच्याखाली दबते. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालत असल्यामुळे त्याचं डच बेकरीच्या पुढे गेलेलं नाही. परीक्षा मी दिली, म्हणून तपासायचं काम माझं. डच नामाच्या आधी 'द' लागतं किंवा 'हेट'. कुठल्या नामाला कुठलं, ते पाठच करावं लागतं. आशुतोष सरसकट हेट लावतो. मी खोडून द करते. लग्नाच्या एकविसाव्या वर्षी माझं लेखन म्हणायला एवढंच उरलं होतं.

टिपण (वर्गासाठी)

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कादंबऱ्यांतलं लहान गाव. गावात एकच मोठा रस्ता, एक बँक, एक डॉक्टर. बाहेरून लग्न करून आलेली बाई, तिच्या दोन ट्रंका भरून पुस्तकं. गाव तिला त्रास देत नाही, चहाला बोलावतं. चहाबरोबर तिने काल दुकानातून काय घेतलं ते तिलाच सांगतं. विद्यार्थी पहिल्याच तासाला विचारतात, मॅम, यात व्हिलन कोण? व्हिलन नसतोच. नवरा सगळ्या गावाचा लाडका असतो. अडचण नेमकी तीच असते, आणि ती दहा मार्कांच्या उत्तरात बसत नाही.

हे मी पुण्याच्या एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवलं. शिकवताना मला त्या बायकांचा राग यायचा. उठून जात का नाही ही? स्टेशन तर गावाच्या टोकालाच आहे!

न्यूनेनला स्टेशन नाही. आगगाडी धरायची तर आधी बसने आइंडहोवनला जावं लागतं. एका चित्रकाराला या गावाने दोन वर्षंसुद्धा धड सुखाने राहू दिलं नव्हतं, आता त्याच्या नावाच्या पाट्या जिकडेतिकडे आहेत. मेलेल्या माणसांवर इथलं गाव फार प्रेम करतं.

एस, पुन्हा: पाहा

गेल्या सप्टेंबरात आमची मुलगी स्वानंदी ग्रोनिंगनला शिकायला गेली. तिच्या खोलीत आशुतोषने तीन स्क्रीन मांडले आणि आठवड्यातले चार दिवस तो घरूनच काम करू लागला. दार उघडं ठेवून. माझा फोन वाजला की वरून आवाज यायचा:

"कोण होतं गं?"

"दाताचा डॉक्टर."

"काय म्हणाला?"

"दात आहेत म्हणाला."

जानेवारीत वैदेहीचा फोन आला. ती माझी पुण्याची विद्यार्थिनी, आता हार्लेमला राहते. तिथल्या एका शाळेत इंग्रजी साहित्य शिकवायला माणूस हवा होता. "मॅम, तुम्ही नाही तर कोण? आणि माझ्याकडे एक खोली रिकामी आहे." हार्लेम इथून दोन तास. रोज जाऊन-येऊन शाळा होणार नाही. नोकरी घ्यायची म्हणजे खोली घ्यायची, आणि खोली घ्यायची म्हणजे काय, ते मला कळत होतं. आशुतोषला मी सांगितलं नाही.

मुलाखत गुरुवारी दुपारी तीनला, ऑनलाइन. त्यात अर्ध्या तासाचा पाठ घेऊन दाखवायचा होता. सात वर्षं खाटेखाली ठेवलेला आवाज काढायचा तर तो आधी एकटीने काढून पाहायला हवा. मी सोमवारपासून मागच्या गल्लीत चेस्टनटच्या झाडाखाली गाडी लावून बसू लागले. लॅपटॉप स्टीअरिंगला टेकवायचा आणि समोरच्या काचेला शिकवायचं. आशुतोषला सांगितलं होतं, लायब्ररीत जाते. बाहेर पडताना तो रोज म्हणायचा, "ऋजू, येताना दूध आण."

ग्रुपच्या नियमांखाली सह्या केलेल्या सगळ्यांना माहीत आहे की ते झाड आमच्या ग्रुपच्या हद्दीत येतं. मला त्या वेळी आठवलं नाही.

ए आणि ए: पोलिसांना कळवा, ग्रुपवर टाका

गुरुवार. स्क्रीनवर तिघंजण, दोन बायका आणि बारीक मानेचा एक गृहस्थ. इंटरनेटसाठी फोन डॅशबोर्डवर उभा केलेला. मी पाठाच्या सुरुवातीला, गाव बाईला कसं पाहतं त्यावर बोलत होते. फोन उजळू लागला.

३.०४ रिआ (२२): संशयास्पद! चेस्टनटखाली करडी गाडी. आत परदेशी बाई, एकटी. सोमवारपासून रोज. स्वतःशी बोलते, हातवारे करते.

३.०५ टोन (९): गाडीचा नंबर?

३.०५ रिआ (२२): (इथे आमच्या गाडीचा नंबर, अचूक. चष्मा लावून पाहून गेली असणार.)

३.०६ टोन (९): वय?

३.०६ रिआ (२२): पन्नाशी. दुःखी.

मी सत्तेचाळीसची आहे. दुःखी तर मुळीच नव्हते, शिकवत होते. कितीतरी वर्षांनी. पडद्याआडून दोन्ही सारखंच दिसत असावं.

मनात आलं, आता आशुतोष लिहील. अरे, ती आमची गाडी, ती माझी बायको. सगळे हसतील. मग संध्याकाळी मला सगळं सांगावं लागेल. सांगेन.

३.०९ आशुतोष (कोऑर्डिनेटर): नंबर तपासला. ही गाडी वस्तीच्या ओळखीची नाही. सर्वांनी घरात थांबावं. पोलिसांना कळवलं आहे.

पोलिसांनासुद्धा त्याने हेट लावलं होतं. माझं लक्ष आधी तिथे गेलं. बाकीचं नंतर कळलं.

"मिसेस," बारीक मानेचे गृहस्थ म्हणाले, "मुलं आम्हाला विचारतात, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गृहिणींशी आमचा काय संबंध? तुम्ही काय सांगाल?"

मी उत्तर देतच होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आमच्या वस्तीची पोलीस, मार्लूस. सायकल एका हाताने धरलेली. मी काच खाली केली.

"मॅडम, इथे काय करताय?"

"शिकवतेय."

"कुणाला?"

मी लॅपटॉप वळवला. तिघांपैकी एका बाईने हात हलवला.

"राहता कुठे?"

"मागे. चौदा नंबर."

तिने आपल्या फोनवर पाहिलं. परत पाहिलं. "पण आम्हाला फोन चौदा नंबरवरूनच आलाय."

"बरोबर. माझा नवरा."

"ते म्हणाले गाडी ओळखीची नाही."

"त्याच्याच नावावर आहे."

मार्लूसने जीभ गालात फिरवली. "मग मी लिहू काय?"

"अशा वेळी तुम्ही एरवी काय लिहिता?"

"नवरा-बायकोचं असलं तर काहीच नाही," ती म्हणाली आणि सायकलवर बसून गेली.

मी लॅपटॉप परत फिरवला. गृहस्थांनी मान पुढे काढली. "हा पाठाचाच भाग होता का?"

"हो," मी म्हणाले. सहा मिनिटं उरली होती. ती मी सगळी शिकवली. शेवटी त्यांनी सांगितलं, सोमवारी येऊन शाळा पाहा, निर्णय तिथेच कळवू.

प्रश्न (गुण १०)

'तो घाबरला, वाईट नव्हता.' या विधानाची चर्चा करा. उत्तरात पिवळ्या जाकिटाचा उल्लेख अपेक्षित.

आर: काहीतरी करा

साडेचारला घरी गेले. आशुतोष स्वयंपाकघरात होता आणि चहा दोन कपांत ओतलेला होता. दुसरा कप पाहून मला बरं वाटलं नाही.

"दूध आणलंस?" त्याने विचारलं.

"पोलीस आले होते, राहून गेलं."

"अगं, मला कळलंच नाही! गाडीचा नंबर कुणाच्या लक्षात असतो?"

"परवा इन्शुरन्सवाल्याला न बघता सांगितलास. दोनदा."

तो कपाशी चाळा करत राहिला. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "मग काय लिहायला हवं होतं मी? 'ती माझी बायको आहे'? चाळीस घरांपुढे?"

"एकेचाळीस. मीही आहे त्या ग्रुपवर."

हे तो खरंच विसरला होता.

"बरं, लिहिलं असतं. मग टोनने विचारलं असतं, घर मागच्या गल्लीत असताना तुझी बायको गाडीत का बसते? त्याला काय सांगणार? सांग ना! मला तर त्याचं उत्तर माहीतच नाही."

"मला विचारायचं होतंस. माझा नंबर तरी पाठ आहे ना?"

"तू मला लायब्ररी सांगितलंस, ऋजू. खोटं तू बोललीस आधी."

तेवढं खरं होतं, म्हणून मी सगळं सांगितलं. शाळा, हार्लेम, वैदेहीची खोली, सोमवार. तो ऐकत होता, पण एक डोळा ओट्यावरच्या फोनवर. फोन थरथरत होता. टोन विचारत होता, पुढे काय झालं? रिआ विचारत होती, अंगणात जायला हरकत नाही ना?

"एक मिनिट हं," आशुतोष म्हणाला. "एवढं मिटवून टाकतो, मग बोलू. शांतपणे. मराठी मंडळात वगैरे कुठे बोलू नकोस अजून." आणि त्याने टाइप केलं. मग सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, फोन माझ्यापुढे धरला. "बघ गं, बरोबर आहे का?"

चार शब्द होते. हेट फ्राउ इस फरट्रोकन. 'बाई निघून गेली आहे.'

"हेट नाही," मी म्हणाले.

"मग द?"

डचमध्ये बाईला आणि बायकोला शब्द एकच, फ्राउ. आधी द लावलं की कुणीतरी बाई. आधी 'मैन' लावलं, म्हणजे 'माझी', की बायको. फरक एवढाच. हे त्याला मी सात वर्षांत कितीदा तरी शिकवलं असेल.

मी फोन हातात घेतला. हेट खोडलं. मैन लिहिलं. पाठवलं.

मैन फ्राउ इस फरट्रोकन.

आशुतोषने वाचलं. ओठ हलवून पुन्हा वाचलं. "अगं... याचा अर्थ बदलला."

"हो. आता व्याकरणही बरोबर आहे."

"डिलीट कर! कर ना!"

"सर्वांनी पाहिलं."

पाहिलंच होतं. सातवा नियम मोडून पहिला अंगठा रिआचा आला. मग एकामागून एक, अकरा अंगठे. कुणीतरी फूल पाठवलं. नोकरी मिळणार की नाही ते सोमवारी कळणार होतं. वैदेहीची खोली आजही रिकामी होती. मी वर जाऊन बॅग काढली. तिच्यात आधी पुस्तकं भरली, दोन ट्रंका काही होणार नव्हत्या. खाली आले तेव्हा आशुतोष ओट्यापाशी तसाच उभा होता आणि त्याच्या हातात फोन पुन्हा थरथरत होता.

"कोण आहे?" मी विचारलं.

"टोन."

"काय म्हणतो?"

त्याने वाचून दाखवलं. "गाडीचा नंबर?"

गाडीची किल्ली मी त्याच्या कपाशेजारी ठेवली. "सांग त्याला, बसने गेली," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.