बाबांची ओटी

माझी आई आमच्या गावच्या सोसायटीची संचालक आहे, पण मिटिंगला तिच्या खुर्चीत कायम बाबाच! आईला एकच ठराव पास करून घ्यायचा होता: बायांना पाठीवर पेलेल असा हलका फवारणी पंप सोसायटीनं घ्यावा. बाबा दरवेळी तेवढंच सांगायचं विसरून यायचे.

संक्रांतीच्या मिटिंगला महिला संचालकांचा सत्कार ठेवला होता. तरीही बाबा जाऊन खुर्चीत बसले! आई मागे, हळदीकुंकवाला आलेल्या बायांसोबत सतरंजीवर. सत्काराचं ताट माझ्या हातात होतं. मी सरळ बाबांसमोर उभी राहिले.

"काऊन वं पोरी?"

"खुर्चीत जो बसला, सत्कार त्याचाच! कपाळ पुढं करा."

असं ठसठशीत कुंकू लावलं की बस! अध्यक्षांच्या घरच्या पुष्पाकाकू तोंडावरची माशीही हलू न देता म्हणाल्या, "पदर पसरा, भाऊजी."

बाबांनी बावरून उपरणं पसरलं. नारळ, तांदूळ, खण, सगळं त्यात पडलं.

"आता नाव घ्या!" बायांनी गलका केला.

बाबांना उखाणा कुठला यायला! ते घाबरून ओरडले, "कोकिळा! लवकर ये वं!"

"हाव, आली," म्हणत आई उठली, खुर्चीत बसली आणि पहिलं पंपाचंच बोलली. ठरावाला सगळ्यांत आधी हात वर झाला तो आता सतरंजीवर जाऊन बसलेल्या बाबांचा. त्या नादात ओटीतले तांदूळ सांडले.

"भाऊ, तुमाले मत नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुमाले फक्त ओटी!"