बेडूकरावाचा कोरा फुगा

मी एक जुना सुपरहिरो आहे, मित्रांनो. जातीने बेडूक, नाव बेडूकराव. हसू नका. पाठीला केळीच्या पानाचा झगा बांधून मी आभाळभर उडायचो आणि उतरताना हमखास चिखलात आपटायचो.

माझा जन्म फुलपाड्यातल्या एका खोलीत, कागदावर झाला. मला काढणारा दिनानाथ सातिवलीला खोक्यांच्या कारखान्यात कामाला होता. तिथले वाया गेलेले कागद तो घरी आणायचा आणि दर रविवारी लेकीसाठी, अनुष्कासाठी, माझी चित्रांची गोष्ट काढायचा. दोऱ्याने शिवलेली चांगली सात पुस्तकं झाली. कुठे विहीर आटली, की मी हजर. तोंडाजवळच्या फुग्यात माझं ठरलेलं वाक्य असायचं, "रडू नको पोरी, मी पानी आनतो." दिनानाथ मिठागराकडच्या गावचा. तो जसा बोलायचा तसाच मी बोलायचो. अनुष्का ते वाक्य म्हणत घरभर बेडूकउड्या मारायची. फार लाड झाले माझे तेव्हा.

सहावीत तिने मला शाळेत नेलं. कुणीतरी "पानी आनतो" असं मोठ्याने वाचलं आणि सगळा वर्ग खिदळला. घरी येऊन तिने लाल पेन घेतलं. सातही पुस्तकांत माझा 'न' खोडून वर 'ण' लिहिला. मी एका हाताने डोंगर उचलणारा, पण त्या पेनापुढे माझं काही चाललं नाही.

दिनानाथने पानं उलटून पाहिली. "बरं केलंस," तो म्हणाला. "मला कुठं येतंय शुद्ध? आता मी चित्रं काढतो, बोलनं तू लिही."

आठवं पुस्तक त्याने तसंच काढलं, सगळे फुगे कोरे ठेवून. "लिहिते पप्पा," अनुष्का म्हणायची. मग दहावी आली, कॉलेज आलं, नोकरी लागली. मी कपाटावर पडून राहिलो. दिनानाथने तिला पुन्हा विचारलं नाही, आणि नवं पुस्तकही काढलं नाही.

मागच्या वर्षी तो गेला. तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोने, यमुनाने, आम्हाला खाली काढलं.

"शेवटपर्यंत म्हनायचे, अनू लिहील," एवढंच ती बोलली.

अनुष्काने आठवं पुस्तक मांडीवर घेतलं. शेवटच्या पानावर विहीर नव्हतीच. दोन वेण्यांची एक मुलगी होती, हातात लाल पेन धरून रडणारी. मी माझा झगा तिच्या खांद्यांवर घालत होतो. माझं तोंड उघडं होतं आणि फुगा कोरा.

"काय म्हनतोस रे?" तिने मला विचारलं. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून तो 'न' आला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं बोलत असेल, तर आधी नीट ऐकून घ्या. पेन काय, नंतरही उघडता येतं. अनुष्का आता रोज पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसते. "रडू नको पोरी" इतकं लिहिते आणि थांबते. पुढे मी काय म्हणालो, ते फक्त दिनानाथला ठाऊक होतं. तोंड माझं होतं, बोलणं त्याचं.