दादाच्या पायाची पट्टी

वस्तू भक्कम आहे की नाही हे कळायला ती मोडून पाहावी लागते, आणि मोडली की ती कुणाच्याच कामाची उरत नाही. असला उफराटा धंदा त्या प्रयोगशाळेचा! तिथली विणकरीण तर तो अगदी हौसेने करायची.

या वेळी मात्र मामला घरचा होता. तिच्या थोरल्या भावाचा एक पाय गुडघ्याखालून गेलेला. त्याच्या कृत्रिम पावलासाठी तिने कार्बनच्या धाग्यांच्या दोन पट्ट्या विणल्या. थरावर थर नुसते चिकटवले, तर वाकताना त्यांचे पापुद्रे सुटतात. म्हणून तिने एक धागा वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांतून ओवला, गादीला टाके घालतात तसा. मग साच्यात घालून धागे घट्ट धरून ठेवणारी राळ भरली. एक पट्टी मोडायची आणि दुसरी दादाला द्यायची, असं ठरलं.

एक पट्टी अशी उतरली की बघत राहावं. दुसरीच्या कडेला राळेत बारीक बुडबुडे राहिले. आता बाईसाहेबांनी मोडून पाहायच्या यंत्राखाली कुठली ठेवावी? देखणी! किती भार सोसला तो आकडा झकास यायला हवा ना, हाडात भिनलेली सवय ती.

यंत्र चालवणाऱ्या मोडतोडकाकांनी भार वाढवत नेला. हवा त्याच्या दुप्पट भार झाला तेव्हा कुठे पट्टी चिरली, आणि तरीही थर सुटले नाहीत. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. ती आनंदाने बाहेर आली, तर बाकावर दादा बूट पुसत बसलेला, आजच चालायचं म्हणून. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सख्ख्या भावाच्या वाट्याला तिने बुडबुड्यांची, उणी पट्टी ठेवली होती.

एवढ्याशा बुडबुड्यांनी काही बिघडत नाही, असं काकांनी परोपरीने सांगितलं. तिच्या मनाला पटेना. तिने दादाला सगळं सांगितलं आणि तीही पट्टी यंत्राखाली घातली. ती मोडली पहिलीच्या जरा आधी, पण हव्या त्या भारापेक्षा पुष्कळच जास्त भाराला.

"म्हणजे ही चालली असती?" दादाने विचारलं.

"हो."

"आणि आता एकही नाही."

तिला रडू फुटलं. दादाने तुकडे बाजूला सारले आणि तिला जवळ बसवून घेतलं.

"पुन्हा वीण. चांगली मला दे, वाईट यंत्राला. त्याला कुठे चालायचंय?"