चार आण्यांचा पिक्चर

मी घोंगडं आहे. सतरंजी नाही, गालिचा नाही. अंगावर फूल-पान काही नाही. काळं आहे आणि बोचतं. ज्याला बोचेल त्यानं जमिनीवर बसावं.

आटपाडीकडच्या काळ्या मेंढ्यांची लोकर माझी. सनगराच्या घरी बायकांनी सूत काढलं, सनगरानं खड्ड्यातल्या मागावर बसून विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन मला ताठ केलं. तो ताठपणा अजून गेलेला नाही. तात्याबानं मला बाजारात हातात घेतलं, उन्हाकडं धरून आरपार उजेड दिसतो का ते बघितलं. दिसला नाही. मला खांद्यावर टाकलं. दोघांचं तिथंच जमलं.

तात्याबाचं गाव कवठे महांकाळपासून दोन कोसांवर. घरात तो आणि त्याची बायको बनुबाई. एकुलता एक मुलगा मानसिंग फौजेत. तात्याबा चौथीपर्यंत शिकला, पण गावात त्याच्या शब्दाला वजन. कारण तो आणेवारीच्या पंचात. पिकं उभी राहिली की तलाठी येतो, पंच शिवारात फिरतात आणि पीक किती आणे आलं ते ठरवतात. सोळा आणे म्हणजे भरघोस. सहा आण्यांच्या आत आलं तर सरकार शेतसाऱ्यात सूट देतं. म्हणून तात्याबाला पीक कधी सहा आण्यांच्या वर दिसलंच नाही. कणसं खांद्याला लागत असली तरी हा म्हणायचा, "दाणा भरल्याला न्हाई. साडेपाच."

आता ही सवय शिवारात ठेवावी की नाही? नाही. ह्यानं ती सिनेमाला लावली.

वर्षातून दोन-तीनदा कवठ्याच्या माळावर तंबूचा सिनेमा येतो. खाली खडे, म्हणून मी बरोबर. माझ्यावर मधे तात्याबा, उजवीकडे जाफर शिंपी, डावीकडे शेजारचा ज्ञानू. बनुबाई पिशवीत भाजलेल्या शेंगा बांधून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तिघं सोप्यात माझ्यावरच बसतात, चहा येतो आणि पिक्चरची आणेवारी ठरते.

जाफर गाण्यांचे आणे देणार. ज्ञानू हाणामारीचे.

"मारामारी चौदा आणे," ज्ञानू म्हणायचा. "एकट्यानं अकरा जण लोळीवलं."

"अकरा न्हाई, नऊ," तात्याबा म्हणायचा. "दोघं आपनहून पडलं. मी बघितलंय."

"गाणी तरी बारा धरा तात्या."

"बाई गाती कोरड्यात आणि पाऊस पडतो तिच्या एकटीवर. बाजूचं झाड वाळल्यालं. असा पाऊस कवा बघितला हाईस काय? साडेपाच."

एवढं झालं की संपलं. तात्याबाचा आकडा तोच पंचांचा आकडा.

ह्या आकड्यावर एक गोष्ट ठरत असे. पिक्चर आठ आण्यांच्या वर गेला तर बायकांनी बघायचा, नाहीतर वाट तुडवायची नाही. हा नियम तात्याबानंच केलेला. जाफरची मेहरुनबी आणि बनुबाई सहा वर्षं आठ आण्यांची वाट बघत होत्या. मी सहा वर्षांत साडेपाचाच्या पुढं आकडा ऐकला नाही.

बनुबाईनं त्यावर तक्रार केली नाही. तिनं स्वतःची आणेवारी काढली. तंबूहून आलं की दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला अंगणात झटकते. माझ्यातून टरफलं पडतात. पिक्चर रटाळ असला की माणसं शेंगा खात बसतात, म्हणून टरफलं ढीगभर. पिक्चर चांगला असला की हात पिशवीकडं जातच नाही. बनुबाई टरफलं बघायची आणि कुंपणापलीकडं मेहरुनबीला सांगायची, "आज मूठभरच हाईत. पिक्चर बरा दिसतोय बाई."

"आणि तुमचं मालक काय म्हनालं?"

"त्येंचं साडेपाच."

दोघी हसायच्या. तोंडानं खोटं बोलणारा माणूस माझ्यावर बसून खोटं बोलू शकत नाही. चुळबुळ कुणी केली, दम कुणी धरला, मला कळतं. पण मला विचारतो कोण? बनुबाई विचारायची, एवढंच.

ह्या फाल्गुनात तंबू आला. पिक्चर एका शिपायाचा होता. गावाकडं म्हातारी आई, पोरगं लांब सरहद्दीवर. नेहमीसारखे तिघं माझ्यावर बसले. पहिली दोन गाणी झाली आणि माझ्या लक्षात आलं की पिशवीची गाठ अजून सुटलेली नाही. ज्ञानू हाणामारीला शिट्टी मारायचा, तो गप्प. पुढं पोरगं पडलं. तात्याबानं माझा कोपरा ओढला आणि तोंडावर घेतला. कोपरा ओला झाला.

"घाम," तो जाफरला म्हणाला.

"व्हय. लय उकडतंय," जाफर म्हणाला. त्याच्या गळ्याला गलपट्टा होता आणि कानाला टोपी. थंडी अजून गेलेली नव्हती.

ह्यात हसण्यासारखं आहे, पण मी हसलो नाही. मानसिंगचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. पोस्टमन रोज गल्लीत येत होता आणि रोज दार ओलांडून पुढं जात होता. घरात त्याविषयी कुणी शब्द काढत नव्हतं. बनुबाई पोस्टमनच्या वेळेला उंबऱ्यात धान्य निवडायला बसायची. धान्य दोनदा निवडलेलं असायचं.

सकाळी पंच बसले. चहा आला.

"चार आणे," तात्याबा म्हणाला.

चार आणे! इतका खाली तो दुष्काळातसुद्धा गेला नव्हता. मला वाटलं ज्ञानू भांडेल. ज्ञानू बशीत बघत म्हणाला, "चारच. जादा न्हाई."

"गाणीबी कायतरीच हुती," जाफर म्हणाला. गाण्यांच्या वेळी तो माझ्यावर बोटांनी ठेका धरत होता. मी साक्षीदार आहे.

बनुबाई आतून आली. हातात सूप. सुपात शेंगा. तिनं ते पंचांच्या मधोमध माझ्यावर ठेवलं.

"मोजा," ती म्हणाली.

"काय मोजा?"

"ह्या शेंगा. काल जेवढ्या बांधून दिल्या तेवढ्याच माघारी आल्यात. एक फुटलेली न्हाई. घोंगडं झटाकलं तर टरफाल न्हाई त्यात. आवं, शिवारात आकड्यावर भांडण झालं तर तुमी काय करतासा? एक गुंठा कापून, मळून बघतासा न्हवं? ही बघा कापणी. ह्येचं चार आणे हुत्यात व्हय?"

जाफरनं चहा पिऊन झालेली बशी पुन्हा तोंडाला लावली.

"आणि ह्यो कोपरा," तिनं माझा कोपरा उचलून दाखवला. "ह्यो कशानं भिजला?"

"घाम," तात्याबा म्हणाला.

"फाल्गुनात?"

ज्ञानूला राहवलं नाही. "वैनी, नका जाऊसा त्या पिक्चरला. त्यात पोरगं मरतं."

"ज्ञानू!" तात्याबा ओरडला. "तुला कुणी विचारलं रं?"

मग तो माझ्याकडं बघत बसला. माझ्यात बघण्यासारखं काही नसतं. बनुबाई उभी होती. मला वाटलं, आता ही रडेल किंवा आत निघून जाईल. ती खाली बसली. पंचांच्या बैठकीवर, तात्याबाच्या समोर. ती माझ्यावर तिथं कधी बसली नव्हती.

"म्हंजे मला बघायला नगं म्हून चार," ती म्हणाली.

तात्याबानं मान हलवली.

"आणि तुमी एकट्यानं बघून आलासा."

"जाफर हुता. ज्ञानू हुता."

"त्येंची पोरं शेतात हाईत." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "दोन म्हैनं झालं, रोज त्यो पोस्टमन जातोय आणि तुमी पाठ फिरवून सुपारी कातरत बसतासा. मी दाणं निवडतीया. एकानं हिकडं तोंड करायचं, एकानं तिकडं. आता रडायलाबी येगळं येगळं जायाचं काय?"

तात्याबा जाफरला म्हणाला, "तंबू कवा उठतोय?"

"परवा."

"मग उद्या जाऊ. मेहरुनबीलाबी आण." जरा थांबून तो म्हणाला, "आठ आणे धर."

"आठाच्या वर पायजे," बनुबाई म्हणाली. "नेम तुमचाच हाय."

"साडेआठ," तात्याबा म्हणाला. दात उपटून घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी गाडीतून गेली. तंबूत बायकांची बाजू दोरी बांधून वेगळी केलेली असते. दोरीपाशी आल्यावर तात्याबानं मला खांद्यावरून काढलं आणि बनुबाईच्या हातात दिलं. स्वतः पलीकडं खड्यांवर जाऊन बसला. सहा वर्षांत तो खड्यांवर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पिक्चरविषयी मी बोलणार नाही, मी त्या बाजूला पाठ करून पडलेलो असतो. बनुबाईविषयी सांगतो. ती हालली नाही. पोरगं पडलं तेव्हा मेहरुनबी मोठ्यानं रडली, आजूबाजूच्या बायका रडल्या. बनुबाईनं माझी लोकर मुठीत धरली होती. दिवे लागल्यावर मूठ सुटली, तेव्हा चार धागे तिच्या हातात गेले. ते तिनं कुणाला दिसू नयेत म्हणून कनवटीला खोवले. घरचा माणूस दोरीपलीकडून आपल्याकडं टक लावून बघतोय, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी बैठक भरली. ह्या वेळी पाच जणांची. तात्याबानं बायकोकडं बघितलं. आकडा विचारायला त्याला धीर होत नव्हता, म्हणून जाफरनं विचारलं, "वैनी, किती आणे?"

"चार," बनुबाई म्हणाली.

सगळे तोंडाकडं बघत राहिले.

"तुमाला त्यात काय दिसलं देव जाणे. ती आई हाय का कोण? पहाटे उठून जात्यावर बसती आणि हातात कोपरापातूर बांगड्या. पीठ पडायच्या आदी बांगड्या फुटतील. आणि पोराचं पत्र न्हाई आलं तर बया दिवसभर खिडकीत हुबी! म्हशीला पाणी कोण दावायचं? शेण कोण काढायचं? म्हैस दाव्याला तशीच. मला त्या म्हशीचंच लय वाईट वाटलं."

पहिल्यांदा ज्ञानू हसला. मग जाफर. मेहरुनबीनं पदर तोंडाला लावला. तात्याबा हसला नाही, पण त्यानं श्वास सोडला तो माझ्यापर्यंत आला. दोन महिन्यांचा होता.

"पण पोरगं ग्वाड हुतं," मेहरुनबी म्हणाली.

"पोराचं चार," बनुबाई म्हणाली. "बाकीच्यांचं काय न्हाई."

ती खोटं बोलत होती. मला ठाऊक होतं. पण आयुष्यभर खोटा आकडा सांगणाऱ्याला तिनं एक खोटा आकडा सांगितला, ह्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्याच दुपारी तात्याबा माझ्यावर पत्र लिहायला बसला. पाट पुढं घेतला, त्यावर पोस्टकार्ड. मानसिंगला पत्र नेहमी शाळेतले मास्तर लिहून देत. ह्या वेळी त्यानं मास्तरांना बोलावलं नाही. पेन्सिल जिभेला लावून एकेक अक्षर काढलं. बनुबाई शेजारी बसून बोलत होती, पण तो लिहीत होता स्वतःच्या मनाचं.

"काय लिवलंसा? वाचा."

त्यानं वाचलं. "शिपायाचा पिक्चर बघितला. तुझी आई चार आणे म्हणती. मी चौदा देतो. तुमच्याकडं आला तर बघ आणि तुझा आकडा कळीव."

"बास? बरा हाईस का, पत्र का न्हाई, कायबी इचारायचं न्हाई?"

"इचारलंय की," तात्याबा म्हणाला. "आकडा कळीव म्हणलंय."

अभिमानी माणूस. मुलाला 'जिवंत आहेस ना' असं विचारायला त्याचा हात उचलला नाही. पण त्यानं पहिल्यांदा चौदा आणे दिले, आणि ते लिहून दिले.

बावीस दिवस गेले. पोस्टमनच्या वेळेला आता दोघंही उंबऱ्यात बसायचे, तोंडं एकाच दिशेला. तेविसाव्या दिवशी तो थांबला.

मानसिंगनं लिहिलं होतं की त्यांची तुकडी उंचावर बर्फात होती, टपाल अडकलं होतं, आता खाली आले. आणि खाली शेवटी एक ओळ. तीच तात्याबानं मोठ्यानं वाचली.

"छावणीत पडदा लावून दाखवला. दहा आणे. सुट्टी मंजूर नव्हती म्हणून सहा कापले. आता मंजूर झाली."

"फिरून वाचा," बनुबाई म्हणाली.

त्यानं वाचलं.

"फिरून."

त्यानं पुन्हा वाचलं. जाफर कुंपणापलीकडून ओरडला, "तात्या, पंचांचा शेवटचा आकडा काय म्हनायचा मग?" तात्याबा ती ओळ आता मनातल्या मनात वाचत होता. बनुबाई उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. जाताना ती दोनदा वाटेत थांबली.

आज मी अंगणात दोरीवर आहे. पोरगं उद्या येतंय. बनुबाई सकाळपासून मला काठीनं बडवतीय. सहा वर्षांची टरफलं, धूळ, विडीची राख, खडे, काय काय निघतंय. मेहरुनबी कुंपणापलीकडून म्हणते, "बाई, फाटंल की ते!" ही ऐकत नाही. हात थांबला की डोळे वाटेकडं जातात, म्हणून हात थांबवत नाही.

मी म्हातारा झालोय. कडा उसवल्यात. मार लागतो. पण ज्याला कुणाला माझ्यासाठी मधे पडायचं असेल त्यानं आज पडू नये. संध्याकाळपर्यंत तिला बडवू द्या. मी सनगराच्या मागावरचा आहे, सोसेन.