बंधन ऊर्जेचा तास

"बस खाली," धम्मपाल सर म्हणाले. हर्षाली बसली नाही.

"पन सर, अणुकेंद्र तोडाले ऊर्जा लागते म्हनता, अन् युरेनियम तोडलं का ऊर्जा निघते म्हनता. मंग खरं काय?"

आदिलाबादच्या त्या ज्युनियर कॉलेजात सर वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. म्हणजे तीच वाक्यं फळ्यावर उतरवत होते. मजुरांच्या घरातून वर आलेला माणूस म्हणून गाव त्यांना मान देई. ते गावाला कवडीची किंमत देत नसत. प्राचार्य बैल, सहकारी बिनडोक, पोरं दगड.

"वांकिडी गावची ना तू? फॉर्म्युला पाठ कर. तुझ्या डोक्यात अणू घातला तर तोच घाबरून बाहेर पळन."

वर्ग खो खो हसला. हर्षाली बसली.

रविवारी सर सहज पुस्तक घेऊन बसले आणि त्याच प्रश्नावर अडकले. उत्तर त्यांच्यापाशीही नव्हतं. कधीच नव्हतं.

"काऊन जेवून नाही राह्यले?" बायकोने, शुभांगीने विचारलं.

"मी गाढव आहो."

"बरं. भाकर थंडी होते."

दुपारी कोडं सुटलं. बंधन ऊर्जा केंद्रात साठवलेली नसतेच! कण एकत्र येतानाच ती बाहेर जाते, तेवढं वस्तुमान घटतं. कण सुटे करायचे तर तेवढीच परत घालावी लागते. युरेनियमचे कण सैल बांधलेले. त्याचे तुकडे होतात तेव्हा तुकड्यांतले कण अधिक घट्ट बांधले जातात, वस्तुमान आणखी घटतं, तो फरक बाहेर पडतो. सर एकटेच हसले. असा आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवारी हर्षालीची जागा रिकामी होती.

"तिनं ग्रुप बदलला सर," शेजारची अर्पिता म्हणाली. "कॉमर्समंदी गेली."

मधल्या सुट्टीत सरांनी तिला कॉमर्सच्या वर्गाबाहेर गाठलं. "तुझा प्रश्न बरोबर होता," ते म्हणाले, आणि तिथेच हातवारे करत समजावू लागले. सैल, घट्ट, वस्तुमान. असं नीट त्यांनी आजवर कोणालाच शिकवलं नव्हतं. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत राहिली. मध्ये एकदा तिची नजर त्यांच्या खडूने माखलेल्या बाहीवर गेली.

सर थांबले. घंटा झाली.

"झालं सर?" तिने विचारलं. "जाऊ मी?"